मागणी नसलेली कविता

माझं काम लोकांना राग आणून देण्याचं आहे, आणि त्यासाठी मला अर्धा कागद मिळतो.

मी पत्रकं लिहिते. शहराबाहेर सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, भट्ट्यांमधून जी काळी भुकटी निघते, ती शेजारच्या आमच्या बीरगांवच्या छतांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर आणि पोरांच्या नाकात येऊन बसते. त्या भुकटीविरुद्ध आमची एक छोटी संघटना आहे. दिवाळी अंकात 'माझं काम' वगैरे सहसा निवृत्त माणसं लिहितात. मी निवृत्त नाही, अजून तिशीही गाठली नाही. पण इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांना या वर्षी 'तरुण रक्त' हवं होतं. घ्या मग. गोड वाटलं नाही तर तक्रार त्यांच्याकडे करा.

पत्रक म्हणजे काय, हे शहरात, शंकर नगरासारख्या चांगल्या वस्तीत राहणाऱ्यांना सांगावं लागेल. तुमच्याकडे ते पेपरात घातलेलं येतं आणि कोचिंग क्लासच्या जाहिरातीबरोबर केरात जातं. बीरगांवात ते हातात द्यावं लागतं. शिफ्ट सुटते, माणूस फाटकातून बाहेर येतो, त्याला घर दिसत असतं. त्याच्या हातात कागद गेला की तो गाडीला किक मारेपर्यंतचा वेळ माझा. तेवढ्यात त्याला चीड यायला हवी. म्हणून पहिली ओळ रागाची. मग पुरावा. मग मागणी. मग कुठे जमायचं ते. बास. पत्रक हिंदीत असतं, मध्येमध्ये छत्तीसगढी, आणि अक्षर असं मोठं की चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता यावं.

हे मला शिकवलं दिलीप भैयांनी. संघटना त्यांनीच उभी केली. पूर्वी ते रोलिंग मिलमध्ये होते, तिथून युनियन केली म्हणून निघाले. माझं पहिलं पत्रक त्यांनी वाचलं आणि अर्ध्याहून जास्त खोडून टाकलं. मी त्यात सुरुवातीला पळसाची फुलं घातली होती.

"ये फूल क्या मांग रहा है?" त्यांनी विचारलं.

"कुछ नहीं भैया. वातावरण बनाने के लिए."

"वातावरण ही तो खराब है, उसी के लिए लड़ रहे हैं. जिस लाइन में मांग नहीं, वो लाइन काटो."

मी कापली. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या लिखाणात एक फूल आलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. खरं तर अजूनही थोडा आहे.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची. एक जण दर वेळी दोन पत्रकं मागायचा, एक वाचायला आणि एक बसायला. एक दुकानवाली बाई आमची पत्रकं खिळ्याला टोचून ठेवायची आणि त्यात मिरची बांधून द्यायची. मी भांडायला गेले तर म्हणाली, "दीदी, घर-घर पहुंच तो रही है ना आपकी बात?" आणि एका कारखान्याच्या फाटकावरचा गार्ड मला दर वेळी एकच विचारायचा, "दीदी, इसमें अच्छी खबर कब आएगी?" मी सांगायचे, होईल तेव्हा छापू. तो म्हणायचा, "तब तक कुछ अच्छा-सा ही छाप दो." मला वाटायचं, मालकाचा माणूस आहे, फितवतोय. आता वाटतं, बिचारा रोज बारा तास त्या फाटकावर काय बघत असेल?

पण मला सांगायचं आहे ते शकुनकाकूंबद्दल.

शकुनकाकू आमच्या गल्लीत राहतात. भंडाऱ्याकडच्या, लग्न होऊन इकडे आल्या. काका एका मिलमध्ये होते, आता घरी असतात, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही पूर्ण आवाजात असतो. दोन खोल्या, मुलगा, सून, दोन नातवंडं. माझे बाबा रेल्वेत, आम्हीही मूळचे तिकडचेच. पण घराबाहेर मी मराठी बोलते ती फक्त काकूंशी. माझ्या वयाचे बाकी सगळे मराठीतलं ऐकून हिंदीत उत्तर देतात.

काकूंचा माझ्या धंद्यात मोठा उपयोग आहे. नवं पत्रक लिहिलं की मी ते काकूंना वाचून दाखवते. त्या तांदूळ निवडत असतात. मी वाचत असताना त्यांच्याकडे बघत नाही, त्यांच्या बोटांकडे बघते. बोटं थांबली की समजायचं, ही ओळ डोक्यावरून गेली. मग ती ओळ बदलायची. हा माझा शोध आहे, आणि आमच्या संघटनेची पत्रकं इतरांपेक्षा सोपी असतात ती यामुळे. तज्ज्ञांच्या शिबिरात हे शिकवत नाहीत.

तर काकूंना कविता वाचायचा नाद. नागपूरहून येणाऱ्या मराठी पेपरची रविवारची पुरवणी शेजारी वाचून झाली की त्यांच्याकडे येते. तिच्यात एका कोपऱ्यात कविता असते. सोपी. शेताच्या बांधावरून एकटं चालत जाण्याची, नदीच्या काठी बसण्याची, झाडाखालच्या सावलीची. काकू ती कापून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायच्या. डबा उघडला की कविता. पीठ लागून अक्षरं पुसट झाली की वर दुसरी.

मला या कवितांचा राग यायचा. एकदा मी म्हटलंच, "काकू, काय आहे हो याच्यात? झाड आहे, पक्षी आहे, हा माणूस एकटा बसला आहे. मग पुढे काय?"

"पुढं काही नाही."

"म्हणजे झाड वाचवा, असंही म्हणत नाही तो?"

"तो काहून म्हणन? तो तर बसून राहिला तिथं."

"मग तुम्हाला काय मिळतं वाचून?"

काकू हसल्या. "तुह्या कागदातलं समजलं का मी कागद ठेवून देते. याच्यातलं समजलं का मी पुन्हा वाचते."

हे मला खटकलं. मी घरी जाताना विचार करत होते. माझं पत्रक समजलं की त्याचं काम झालं, ते टाकून द्यायचंच असतं. पण जी गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण समजली, ती दुसऱ्यांदा कशाला वाचायची? अवघड कविता लोक पुन्हा वाचतात, हे मला मान्य, कारण पहिल्यांदा काही कळत नाही. सोप्या कवितेचं काय? मंडळाच्या एका कार्यक्रमात मी हे एका जाणकारांना विचारलं होतं. ते म्हणाले, सोपी असते ती कविताच नव्हे, ती नुसती भावना. मी हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग त्यायनं भात बी गिळू नाही. लगेच समजते."

काकूंची सकाळ मात्र तळ्यावर जायची. सिलतऱ्याच्या बाजूला, वस्ती संपते तिथे, एक लहान तळं आहे. इकडे तरिया म्हणतात. फार सुंदर वगैरे नाही. एका बाजूला राखेचे ढीग, दुसऱ्या बाजूला बाभळी. पायऱ्या तुटलेल्या. पूर्वी लोक आंघोळीला यायचे, घरोघरी नळ आल्यावर येईनासे झाले. घरची उठायच्या आत काकू तिथे जाऊन बसायच्या आणि टीव्ही लागायच्या आत परत यायच्या. सुनेला सांगायच्या, फिरायला जाते, शुगर आहे. शुगर नव्हती. आख्ख्या दिवसात त्यांना एकटीला मिळणारा वेळ तेवढाच.

आणि त्याच तळ्यावर एका कारखान्याचा डोळा होता. त्यांना वाढायचं होतं. नकाशात त्यांची नवी भिंत तळ्याच्या पलीकडून जात होती, म्हणजे तळं आत.

कारखाना वाढवायचा तर जनसुनावणी घ्यावी लागते. ती कशी असते तेही सांगते, कारण तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. मोठा मांडव. स्टेजवर अधिकारी. समोर खुर्च्या. कारखान्याने बसमधून माणसं आणलेली, त्यांना पिवळ्या टोप्या दिलेल्या, मागे जेवणाची पाकिटं रचलेली. ती माणसं रांगेने माईकपाशी येतात आणि म्हणतात, "मैं इसका समर्थन करता हूँ." आणि जातात. पुढचा येतो, तेच म्हणतो. कोणी विचारलं, कशाचं समर्थन, तर तो मागे वळून बघतो. आमची माणसं येतात, ती विरोध करतात. बाजूला एक कारकून दोन रकाने करून बसलेला असतो, समर्थन आणि विरोध. सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग होतं. संध्याकाळी अधिकारी सगळं वाचून दाखवतात. लोकशाही म्हणतात याला.

मी महिनाभर माणसं तयार करत होते. कोणी काय बोलायचं, हे एकेकाकडून घोकून घेतलं. काकूंना मी धुळीचं दिलं होतं: नातवाचा खोकला, काळे पापड, छतावर झोपणं बंद. चार वाक्यं. शेवटी 'मैं विरोध करती हूँ'. काकूंना ती तोंडपाठ होती. मी स्वतः ऐकली होती.

काकूंचा नंबर आला. माईक त्यांच्या उंचीला जास्त होता. एका पिवळ्या टोपीवाल्याने उठून तो खाली केला. काकूंनी पदर नीट केला, आणि मराठीत बोलायला लागल्या. ते असं होतं:

सकाळी तळ्यावर कोणी नसते.
मी असते, पण मले मोजू नका.
एक बगळा असते. तो बी एकटाच.
आम्ही दोघं बोलत नाही.
पाणी हलते, मंग थांबते.
उन्ह पायापाशी आलं का मी घरी जाते.

आणि माईकपासून मागे सरकल्या.

माझं डोकं सणकलं. अधिकारी म्हणाले, "माताजी, हिंदी में." काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "हे पोट्टी सांगन." मला माईकपाशी जावं लागलं. मी एकेक ओळ हिंदीत सांगितली. शपथेवर सांगते, शेवटची ओळ झाल्यावर 'मगर अब इस धूल ने' एवढं माझ्या जिभेवर आलं होतं. काकूंनी हळूच माझ्या दंडाला चिमटा काढला. त्यांना हिंदी माझ्याइतकीच येते.

'पर मुझे गिनिए मत' या ओळीला मांडवात हशा झाला, कारण दोन्हीकडची माणसं सकाळपासून मोजलीच जात होती. आणि मग एक गोष्ट झाली. हसू थांबलं आणि कोणी बोलेना. पिवळ्या टोप्यासुद्धा. त्यांच्यातले बरेच जण आसपासच्या गावांचे होते, प्रत्येकाच्या गावात एक तरिया आहे. मी कितीतरी सभा पाहिल्या. गप्प केलेली सभा मी ओळखते आणि कंटाळलेली सभाही ओळखते. ही दोन्ही नव्हती.

कारकून पेन धरून थांबला होता. "माताजी, ये समर्थन में है कि विरोध में?"

"मी तं बसून राहिली," काकू म्हणाल्या.

"नहीं, लिखना किधर है?"

"मंग नको लिहू, बाबू."

तेवढ्यात कारखान्याचे सल्लागार उठले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यांनीच कारखान्याचा पर्यावरणाचा जाडजूड अहवाल केला होता. हसून म्हणाले, "सर, ये तो समर्थन में ही गिना जाए. माताजी खुद कह रही हैं कि तालाब अच्छा है, बगुला आता है, शांति है. यानी हमारे प्लांट के इतने पास भी पर्यावरण एकदम स्वस्थ है."

मी ओरडायला तोंड उघडलं. दिलीप भैयांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. त्यांचं लक्ष अधिकाऱ्यांकडे होतं. अधिकारी अहवालाची पानं उलटत होते. मागेपुढे करून त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

"आपकी रिपोर्ट में यहाँ तालाब कहाँ है?"

सल्लागार म्हणाले, "सर, वो... बरसाती गड्ढा लिखा है."

"गड्ढे में बगुला रोज आता है?"

"सर, वो तो माताजी ने कविता में..."

"अभी आपने कहा, तालाब है. कैमरे में है." अधिकाऱ्यांनी पान बंद केलं. "जगह देखनी पड़ेगी."

मांडव फुटला. आमची माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मीही राहिले. महिनाभर घोकून घेतलेल्या भाषणांनी जे झालं नाही, ते एका मागणी नसलेल्या कवितेने आणि एका अतिशहाण्या सल्लागाराने केलं. संध्याकाळी वाचून दाखवलेल्या नोंदीत काकूंबद्दल एवढंच होतं: 'एक महिला ने तालाब पर बैठने के संबंध में कथन किया.' दोन्ही रकान्यांच्या बाहेर.

नंतर पाहणी झाली, ते तळं आहे असं कागदावर आलं. खड्डा बुजवता येतो, तळं बुजवता येत नाही. भिंत थांबली. रद्द झाली असं नाही, थांबली. हे लिहिते तोवर फाइल वर कुठेतरी आहे.

मला मात्र वेगळंच लागलं होतं. ती कविता डोक्यातून जाईना. सिलतऱ्याच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे स्कूटी अडकली की मी मनात म्हणायचे, 'पाणी हलते, मंग थांबते'. का म्हणायचे? तिच्यात नवं काही नव्हतं. मला ती पूर्ण समजली होती, मी तर तिचं भाषांतरही केलं होतं. तरी प्रत्येक वेळी 'मंग थांबते'पाशी मी स्वतः जरा थांबायचे. मी काकूंच्या डब्याचं झाकण मागून घेतलं आणि त्यावरच्या कविता वाचल्या. एक होती, संध्याकाळी माळावर एकटा उभा असलेल्या माणसाची. त्याला दूर कुणाच्या तरी चुलीचा धूर दिसतो, संपलं. मी पहिल्यांदा वाचली आणि म्हटलं, धूर कशाचा, ओलं लाकूड असेल, फुफ्फुसाला वाईट. दुसऱ्यांदा वाचली आणि मला धूर दिसला. तिसऱ्यांदा त्या माणसाला भूक लागली असेल असं वाटलं. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे काय असतं, मला खरंच माहीत नाही. मी एक लिहूनही पाहिली, बाभळीवर. चौथ्या ओळीत जिल्हाधिकाऱ्यांचा उल्लेख आला. सोडून दिली.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग ती कविता लोकांना आवडली.

व्हिडिओ फिरला. दिलीप भैयांनी, ज्यांनी माझं फूल कापलं होतं त्याच दिलीप भैयांनी, कविता हिंदीत मोठ्या बॅनरवर छापून तळ्याच्या काठी लावली आणि 'रोज सुबह, तरिया पर' असा कार्यक्रम सुरू केला. पत्रक मीच लिहिलं. लोक यायला लागले. शाळा आल्या. पत्रकार आले. एक जण ड्रोन घेऊन आला. शंकर नगरातून एका रविवारी काव्यप्रभात आली, सतरंज्या, थर्मास आणि पोह्यांसकट. तुमच्यापैकी काही होते त्यात, नावं घेत नाही. एकांतावरच्या कविता माईकवरून वाचल्या गेल्या. चांगल्या होत्या, सोप्या होत्या, सगळ्यांना कळल्या, आणि टाळ्यांनी बाभळीवरची पाखरं उडाली. काकूंना पुढे खुर्ची दिली. "दीदी, वो बगुले वाली एक बार और." काकूंनी म्हटली. परत म्हटली. तिसऱ्या वेळी त्या मधली ओळ विसरल्या आणि गर्दीने ती पूर्ण केली.

मग एका सकाळी मी नवं पत्रक घेऊन गेले तर काकू घरीच. टीव्ही लागलेला. तांदूळ पुढ्यात.

"काकू, आज गेल्या नाही काहून?"

"चार दिवसांपासून नाही जाऊन राहिली."

"बरं नाही का?"

"मले काय धाड भरली?" मग तांदळातला एक खडा बाजूला टाकून, "लय माणसं असतात ना तिथं. सारे चांगले हायत. मले उठून जागा देतात. पण कोणी जागा दिली का मंग बोलाच लागते त्याच्यासंगं."

आतून काका ओरडले, "कोण आहे गं?"

"मंजू हाय!" काकू त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या, आणि मला म्हणाल्या, "पाय, इथं असं. तिथं बी असंच झालं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. कोणाचा, ते ठरेना. कारखाना तळं घेणार होता, रागवायला तो असता तर सोपं होतं. इथे तर सगळी आमचीच माणसं, आणि सगळ्यांना ती कविता मनापासून आवडलेली. जी कविता आवडली म्हणून ते आले, तिच्यात पहिलीच ओळ काय आहे, हे एकालाही दिसू नये? बॅनरवर एवढ्या मोठ्या अक्षरात आहे. बरं, वाचता येत नाही म्हणावं तर सोपी आहे!

मी दिलीप भैयांकडे गेले. म्हटलं, सकाळचा कार्यक्रम बंद करा.

"पागल हुई है? जनता जुड़ रही है."

"जिसका तालाब है, वही नहीं जा पा रही."

"तालाब सबका है."

"सबका है तो उनका भी है ना? शाम को रखो."

"मंजू, सुन." त्यांनी खुर्ची ओढली. "जिस दिन वहाँ सुबह कोई नहीं होगा, उसी दिन राख के डंपर आएंगे. दो दिन में तालाब भर देंगे. फिर शकुन दीदी कहाँ बैठेगी? राख पर? भीड़ ही पहरा है."

हे खरं होतं. त्यांचं नेहमी खरंच असतं, हीच अडचण आहे. मी अर्धा दिवस चिडून बसले. मग जे येतं ते केलं, पत्रक लिहिलं. आमच्याच माणसांसाठी. पहिली ओळ राग: 'साथियो, हमने एक औरत की सुबह छीन ली है.' पुरावा: तीच कविता. मागणी: सकाळी तळ्यावर कोणीही येऊ नये, कार्यक्रम संध्याकाळी. आणि पहाऱ्याचं: एक माणूस रोज सकाळी वरच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी बसेल, तिथून डंपर आधी दिसतो. तळ्याकडे पाठ करून बसेल.

"ये पीठ वाला क्या है?" दिलीप भैयांनी विचारलं.

"मांग है," मी म्हटलं. "अब काटो."

त्यांनी कापली नाही. पण हसले खूप. बैठकीत तर लोक लोळले. 'न आने का पर्चा' म्हणून माझी अजून थट्टा होते. ज्या गार्डला चांगली बातमी हवी होती, त्याने ते वाचून विचारलं, "दीदी, ये अच्छी खबर है कि बुरी?" तरी संध्याकाळचं ठरलं. सकाळची गर्दी हळूहळू ओसरली. काही हट्टी फोटोवाले सोडले तर कोणी येईना. शंकर नगरकरांनी काव्यप्रभातीची काव्यसंध्या केली, त्याबद्दल आभार. बॅनर मात्र आम्ही काढला. काकूंनी तो घरी नेला, उन्हाळ्यात कूलरवर टाकायला कामाचा आहे म्हणाल्या.

पहाऱ्याची पाळी आठवड्यातून दोनदा माझी असते. मी टपरीपाशी स्टुलावर बसते, तोंड रस्त्याकडे, पाठ तळ्याकडे. समोरून कोळशाचे ट्रक जातात, चहात काळं पडतं. मला एका जागी गप्प बसायची सवय नाही. पहिल्या दिवशी मी चार लोकांशी भांडले, त्यातला एक टपरीवालाच होता. आता बसते. मागे काय चाललं असेल याचा विचार येतो. पाणी असेल. काकू असतील किंवा नसतील. वळून बघायची फार इच्छा होते, आणि तीच तर सगळ्यांना झाली होती, म्हणून वळत नाही.

पहिले काही दिवस काकू आल्याच नाहीत. कोणी कोणाला परत बोलवायला जात नाही अशा ठिकाणी, म्हणून मीही गेले नाही. मग एक दिवस, उन्ह वर आल्यावर, पायवाटेने चपलांचा आवाज आला. काकू माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पदराने कपाळ पुसलं. लुगड्याला मागे पायरीची माती लागली होती.

"काकू! गेल्या होत्या?"

"हव."

"कोणी होतं का?"

"कोणी नव्हतं."

मला राहवेना. इतक्या दिवसांचं भांडण, बैठक, थट्टा, हे सगळं ज्या एका गोष्टीसाठी केलं, ती नेमकी काय असते, मला कळायला हवं होतं. नवी कविताही असेल कदाचित. मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "मग? कसं वाटलं? काय पाहिलं? सांगा ना."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं जशी मी त्यांच्या पेटीची किल्ली मागितली.

"ते तुले काहून सांगू?" त्या म्हणाल्या.

टपरीवाला हसला. मी त्याला दोन चहा सांगितले. काकू म्हणाल्या, एकच सांग, माझं घरी काम राहिलं आहे, आणि चालू लागल्या.